मूळ फोटो बदलायचा का?

मित्रांनो, फोटो साफ करण्यात ज्याचा जन्म गेला असा मी एक जुना संगणक आहे. खिडकीजवळच्या टेबलावर माझी बारा वर्षे गेली. सुरू व्हायला मला आता इतका वेळ लागतो, की तेवढ्यात मालक चहा करून आणतात. पूर्वी दोन कप आणत.

मालकीणबाई गुडघाभर पाण्यात वाकून, कॅमेरा पाण्यात बुडवून छोटे मासे, खेकडे टिपायच्या. ते फोटो हिरवट आणि गढूळ यायचे. मालक माझ्यासमोर बसून हिरवी झाक काढत, गाळाचा एकेक ठिपका पुसत. उथळ पाण्यात ऊन थेट तळाशी पोचते, त्यामुळे वाळूवर बाईंची सावली पडे. तीही ते पुसत.

"अहो, राहू द्या की! तेवढीच मी दिसते."

"फोटो खेकड्याचा आहे, तुझा नाही."

"खेकडा आला होता का तक्रार घेऊन?"

दोघेही हसत. लोक म्हणत, "पाणी आहे की काच!" मलाही अभिमान वाटे.

माझ्यात जागा कमी होती. म्हणून काम संपले की मी विचारत असे, 'मूळ फोटो बदलायचा का?' मालक न वाचताच 'हो' दाबत, आणि मूळ फोटो कायमचा पुसला जाई.

गेल्या वर्षी बाई आजारपणात गेल्या. माझ्यावर धूळ बसली. मग एके दिवशी लेक आली. "बाबा, आईचा पाण्यातला एखादा फोटो दे ना. भिंतीवर लावते."

मालकांनी सगळे फोटो उघडले. स्वच्छ पाणी, स्वच्छ वाळू. बाई कुठेच नव्हत्या.

"दर वेळी सांगायची गं ती," एवढेच ते बोलले.

शेवटी, आजारपणाच्या धावपळीत साफ करायचा राहिलेला एक फोटो सापडला. हिरवट, गढूळ. वाळूवर टोपी घातलेली, वाकलेली सावली. मालकांचा हात सवयीने चालू लागला. हिरवी झाक गेली, ठिपके गेले.

"बाबा!" लेक ओरडली.

हात सावलीपाशी थांबला. त्यांनी फोटो बंद करायला घेतला, तसा मी नेहमीचा प्रश्न विचारला. चष्मा पुसून त्यांनी तो पहिल्यांदाच नीट वाचला आणि 'नाही' दाबले. मूळ फोटो हिरवट, गढूळ, सावलीसकट तसाच राहिला.

मित्रांनो, साफसफाई जरूर करा, पण मूळ प्रत आधी बाजूला ठेवा. आणि घरातले कोणी 'राहू द्या' म्हणाले, तर हात थांबवून ऐका. मी यंत्र आहे, फक्त विचारू शकतो. बारा वर्षे विचारत होतो.