ओट्याची जागा

नदी चढणारा सॅमन मासा काही खात नाही. तरी गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीवर झडप घालतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

*

इडवलच्या घरात उजव्या पायाचे तीन बूट आहेत. कोरे करकरीत. दुकानदार जोडीनेच विकतो.

*

चार खुंट्या. प्रत्येकीला लाल चिंधी.

*

चॅपलच्या मागच्या खोलीत झालेल्या मासेमारी मंडळाच्या सभेचं इतिवृत्त, त्यातली एक ओळ : ‘ओट्याची जागा मायरिग दाखवतील.’

*

मोसम संपायला तीन दिवस होते. मायरिगने इडवलची चाकांची खुर्ची अपंगांसाठी बांधलेल्या लाकडी ओट्यावर ढकलत नेली, चाकं अडकवली, आणि मागे उभा राहिला. मोटारीपासून सपाट वाट, कडेला कठडा. साखरेने पाय नेल्यापासून साऱ्या नदीवर एवढ्याच तुकड्यापर्यंत इडवल पोचू शकत होता. सहा मोसम तो इथेच बसला. बोटभर ट्राउट पुष्कळ लागले. सॅमन एकही नाही.

त्याआधीच्या चाळीस वर्षांत त्याचा एकही मोसम रिकामा गेला नव्हता.

“पाणी फर्मास आहे,” इडवल म्हणाला. आदल्या दिवशीच्या पावसाने नदी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. “आज तरी येईल का रे एखादा निरोप घ्यायला?”

पुढच्या महिन्यात त्याची लेक नेस्टा त्याला कार्डिफला घेऊन जाणार होती. कायमचं.

त्याने गळाची काठी फिरवली. माशी अलगद पाण्यावर उतरली.

“बघितलंस? पूर्वीसारखी पडत नाही. पायाबरोबर हातही गेला माझा. डॉक्टर लबाड, पायाचंच सांगितलं.”

“हाताला काही झालेलं नाही.”

“मग काय मासे माझ्यावर रुसलेत?”

मायरिग पाण्याकडे बघत राहिला. जन्मभर त्याने ही नदी राखली होती. ओट्यापुढे प्रवाह मंदावतो, तळाशी नुसता गाळ. चढणारा सॅमन पलीकडच्या काठाने निघून जातो, तो थांबतो थेट वरच्या डोहात. दोनशे पावलांवर.

“जागाच वाईट आहे,” तो म्हणाला. “इथे सॅमन थांबत नाही. कधीच थांबत नव्हता. मला ठाऊक होतं.”

इडवल रीळ गुंडाळत होता.

“मोजणीवाल्याने खुंट्या वरच्या डोहापाशी ठोकल्या होत्या. मी उपटल्या. इथे आणून ठोकल्या. वरची माती खचते म्हणून सांगितलं. तिथे वाट झाली असती, मोटारी आल्या असत्या, माझा डोह… तेव्हा तुझे दोन्ही पाय होते रे.”

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. दुसऱ्या कुणाचे पाय नसले तर चाललं असतं, असाच त्याचा अर्थ होत होता.

इडवल हसायला लागला. खुर्ची हलेपर्यंत हसला.

“गप रे म्हाताऱ्या! थाप मारायची तर नीट मार.”

“थाप नाही.”

“नेस्टाची आई, माझी मोरवेन, गेली तेव्हाही असंच. डॉक्टरला बोलवायला मला उशीर झाला, आणि तू गावभर सांगत सुटलास, इडवलची गाडी बंद पडली म्हणून! गाडीला काय धाड भरली होती? मला ठाऊक नाही का तुझा स्वभाव?”

 गाडीची ती थाप होती, हे खरंच होतं.

इडवलने खिशातून पत्र्याची डबी काढली, त्यातून एक माशी निवडली. काळी पिसं, एक केशरी धागा. स्वतः बांधलेली.

“परवा शेवटचा दिवस. वरच्या डोहात ही माझ्या नावाने टाक. लागला तर सोडून दे, पण लांबी सांग. खरी लांबी हं, मंडळात सांगतोस तसली नको.”

*

तिसऱ्याच फेकीला लागला. चंदेरी रंग उतरून तांबूस झालेला, भला थोरला नर. मायरिग गुडघाभर पाण्यात उभा राहिला, त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. माशाच्या अंगात जोर आला तसे हात सैल केले. माशी ओठातून निघताना केशरी धागा तुटला होता.

संध्याकाळी मायरिगने फोन लावला. घंटा एकदाच वाजली.

“किती?” इडवलने विचारलं.

“काही नाही लागलं.”

“काहीच नाही?”

“शिवलासुद्धा नाही. दिवसभर उभा होतो.”

 मग इडवल म्हणाला, “म्हणजे यंदा नदीच रिकामी. मग माझा हात ठीक आहे म्हण की!”

“ठीकच आहे,” मायरिग म्हणाला.

“मी तेच म्हणत होतो नेस्टाला.”

*

जागा ठरवायचं काम मायरिगवर सोपवावं, असं त्या सभेत इडवलने सुचवलं होतं.