मुकी पट्टी

तिने आपला गाण्याच्या साथीचा की-बोर्ड जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर पालथा घातला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला. स्क्रू हटून बसला होता. तिने डाव्या मुठीत स्क्रूड्रायव्हर धरून उजव्या तळव्याने वरून दाब दिला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सैल झाला.

"दुकानात नेऊ या की," नवरा दारातून म्हणाला.

"दुकानदार काय करणार? दाबून बघणार, आणि म्हणणार वाजतेय. तुम्ही सगळ्यांनी तेच केलंत."

केलं होतं खरंच तेच. मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी हल्ली तिच्या हाताखाली मुकी राहायची. दरवेळी नाही, पण नेमकी हळुवार वाजवायच्या जागी दगा द्यायची. नवऱ्याने दाबली, वाजली. लेक राहायला आली होती, तिने दाबली, वाजली. ती ज्या वृंदगानाला साथ करायची, त्याच्या संचालिकाबाई मुद्दाम घरी आल्या, त्यांनी तर पुन्हापुन्हा दाबली आणि पट्टी ठणठणीत वाजत राहिली. मग सगळ्यांच्या नजरा पट्टीवरून उठल्या आणि तिच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर जाऊन बसल्या.

हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हलकाच होता, बोलणंचालणं सगळं जागच्या जागी आलं, पण ते एक बोट जरा आळशी झालं होतं. संचालिकाबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की यंदाच्या कार्यक्रमाला ताईंनी आराम करावा, एक नवी मुलगी आहे, ती साथ करेल. लेकीने बोटांच्या व्यायामासाठी पिवळा रबरी चेंडू आणून दिला. तो तिने ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर असा लावला की आतले चमचे खणखणले.

तिचं उभं आयुष्य टेलिफोन खात्यात लाइनींचे बिघाड शोधण्यात गेलं होतं. तिथे रुजू झाल्याझाल्या शिकवलं जायचं की तक्रार करणारा खरं बोलतोय, असं धरून कामाला लागायचं. लाइन बघायची, जोडण्या बघायच्या, आणि सगळं बघून झाल्यावरच, अगदी नाइलाज म्हणून, ग्राहकावर शंका घ्यायची. घरच्यांनी सुरुवातच ग्राहकापासून केली होती, आणि हे तिला फार लागलं होतं.

नवरा शेवटी खुर्ची ओढून बसला. प्रत्येक थराचे स्क्रू वेगवेगळ्या वाटीत ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. आमटीच्या वाट्या संपल्यावर त्याने चहाची बशी घेतली. पाठ निघाली, पट्ट्या एकेक करून सुटल्या आणि त्यांच्याखालचे लांबट रबर दिसले, एका सप्तकाला एक. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक टोपी, आणि टोपीच्या पोटात काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपके खाली टेकतात आणि सूर लागतो, एवढाच सगळा कारभार.

"मग पूस ना ते ठिपके," नवरा म्हणाला. "स्पिरिट आणू का? दोन मिनिटांचं काम."

"पुसणार नाही."

"का?"

"पुसल्यावर वाजली, तर तुम्ही म्हणाल, बघ, बोट सुधारलं. मला पट्टी नीट करायची नाहीये. मला बिघाड दाखवायचाय."

तिने मधल्या सप्तकाचा रबर काढला आणि अगदी डावीकडच्या, फारसा हात न लागणाऱ्या सप्तकाच्या रबराशी त्याची अदलाबदल केली. खात्यात असंच करायचे, दोन ठिकाणच्या वायरी आपसांत बदलायच्या. बिघाड वायरीबरोबर सरकला तर वायर दोषी, जागचा हलला नाही तर दुसरीकडे बघायचं. या अदलाबदलीत ती खोटी ठरण्याचीही सोय होती. ते तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच रबर बसवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

सगळं जुळवून झालं. बशीत एक स्क्रू उरला.

"हा कुठला?" त्याने विचारलं.

"तुमचा असेल."

की-बोर्ड सुलटा झाला. तिने वायर लावली, अनामिका त्या पट्टीवर ठेवली आणि अलगद दाबली. सूर लागला. पुन्हा दाबली, आणखी हळू. लागला. तिने मान वर केली नाही.

"आता तुम्ही. डावीकडच्या सप्तकात हाच सूर. हळू दाबा, झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावतो तसं."

त्याने दाबली. काहीच वाजलं नाही. त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा हळूच दाबली. शांतता. मग जरा जोराने दाबल्यावर ती एकदम दणदणीत वाजली.

"तुम्ही सगळे धपाधप दाबत होतात," ती म्हणाली. "मी गाण्यात दाबावी तशी दाबत होते."

"चुकलंच आमचं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

तिने खुर्ची सरसावली आणि कार्यक्रमातलं ते संथ गाणं सुरू केलं. मुकी पट्टी आता प्रत्येक वळणावर बोलत होती. नवऱ्याची मान डोलू लागली होती. दुसऱ्या कडव्यात अनामिका शेजारच्या पट्टीवर उतरली आणि तिथे सूर आलाच नाही. ती मागे फिरून त्याच ओळीवर आली. पुन्हा नाही.

नवरा घाईघाईने पुढे वाकला.

"ही पण बिघडली वाटतं. रबर जुनेच झालेत गं. परत उघडू या. वाट्या आहेतच."

तिने त्याच पट्टीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि मघापेक्षाही हळू दाबलं. सूर स्वच्छ लागला.

"नाही," ती म्हणाली. "ही चांगली आहे."

मग तिने ओळ पुन्हा घेतली, अनामिका वर उचलून ठेवली आणि तिच्या वाटणीचं काम मधल्या बोटावर टाकलं. पहिल्यांदा बोटं एकमेकांत अडखळली. दुसऱ्यांदाही. गाणं लंगडत पुढे सरकलं, पण एकही सूर गळला नाही. शेवटापर्यंत पोचल्यावर तिने नवऱ्याला फोन आणायला सांगितलं.

संचालिकाबाईंना तिने रबराची सगळी हकीकत सांगितली, खात्यातल्या वायरींच्या अदलाबदलीसकट. पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलणं सुरू झालं, ते तिने पुरतं ऐकून घेतलं.

"साथीला मीच बसणार," ती मग म्हणाली. "त्या मुलीलाही बोलवा. पानं उलटायला कोणीतरी लागेलच."

बोलता बोलता ती उठली होती. फोन कानाशी डाव्या हातात होता. उजव्या हाताने तिने ड्रॉवर उघडला, चमच्यांखालून पिवळा चेंडू शोधून काढला आणि दाबायला लागली.