न मरणाऱ्यांचा रोजनामा

“थांबव, थांबव! हा तं मेला होता ना वं?”

मी रिमोट दाबला. पडद्यावर काळी टोपी घातलेला गुंड तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबला. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणून त्याला नीट न्याहाळू लागले.

“मागच्या भागात याले तीन गोळ्या लागल्या. मी सोता पाह्यलं. मंग हा इथं बसून सूप कसा पिऊन राहिला?”

“बाबा, हा भाग त्याच्या आधीचा आहे.”

“आधीचा आहे तं आधी काहून नाही दाखवला?”

“आणि तसाही तो मरत नाही, बाबा. त्यानं ते औषध घेतलं आहे ना.”

“म्हणजे दोन गुन्हे झाले,” बाबा म्हणाले. “एक तं मरत नाही, अन् दुसरं, तारीख पाळत नाही. पहिल्याले एखादवेळ जामीन भेटन. दुसऱ्याले नाही.”

हे माझे सासरे, धोंडबाजी रामटेके. नागपूरच्या कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं आणि पुढची तारीख कोणती, हे ज्या कागदावर लिहून ठेवतात त्याला कोर्टात रोजनामा म्हणतात. बाबांनी उभा जन्म तो लिहिला. साहेब आले, साहेब गेले, पण बाबांच्या रोजनाम्यात एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही. ही सवय ते घरीही घेऊन आले. इंदोऱ्याच्या आमच्या घरात गॅसचं सिलिंडर कधी लागलं, हे भिंतीवर लिहिलेलं असतं. धम्मानंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पहिला दात कधी आला तेही सापडेल, फक्त बाबांना विचारायची खोटी.

आणि मी त्यांची सून. धरमपेठेतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि मेट्रोत येता-जाता जपानी कार्टून पाहते. वय चौतीस. लाज वाटत नाही. रविवारी धम्मानंद कळमेश्वरच्या कारखान्यात आठवडाभर राहून गेलेली झोप काढत असतो, तेव्हा मी तेच मोठ्या टीव्हीवर लावते. मार्चमध्ये कूलर बाहेरच्या खोलीत आला, तसे बाबाही त्याच्यामागून आले आणि माझ्या मालिकेत अडकले.

मालिका होतीच तशी. एका जुन्या बंदरातली गुंडांची टोळी एका वैद्याचं औषध पिते आणि मग कोणी मरतच नाही. गोळ्या लागतात, माणूस पडतो, टोपी झटकून पुन्हा उठतो. वीसेक माणसं, प्रत्येकाची वेगळी कहाणी, आणि सगळं मुद्दाम उलटंसुलटं सांगितलेलं. पहिल्या भागात बोट जळते, दुसरा भाग तीन वर्षं मागे जातो, तिसरा मधूनच सुरू होतो. पाहणाऱ्याने तुकडे जुळवत बसायचं. ज्याने कोणी हे रचलं त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं, असं मला वाटायचं. बाबांना त्याच्यावर नोटीस काढावीशी वाटायची.

पण खरी अडचण मालिकेची नव्हती. आईंना, माझ्या सासूबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. प्रेमिला त्यांचं नाव. पोटाचा कॅन्सर, कळल्यापासून नऊ आठवडे. तेव्हापासून बाबांना कोणी भेटायला आलं की ते सुरू करत. सात फेब्रुवारी, जेवण गेलं नाही. अकरा फेब्रुवारी, सोनोग्राफी. अठरा फेब्रुवारी, रिपोर्ट. असं करत करत चोवीस एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मधली एक सुई, एक सलाईन सुटायचं नाही. जलदान विधीच्या दिवशी त्यांनी हे सगळं कागदावर लिहून नातेवाइकांसमोर वाचलं होतं. लोक माना खाली घालून बसले होते. पुढे पुढे लोक यायचेच कमी झाले.

एकदा मी धीर करून म्हटलं, “बाबा, आईंचं दुसरं काही सांगा ना. दवाखान्याच्या आधीचं.”

ते कूलरकडे पाहत म्हणाले, “आठवतच नाही वं. डोळे मिटले का तिचं खाटेवरचं तोंड दिसते. नाकात नळी घातलेलं. बेचाळीस वर्षं माझ्यासंगं राहिली ते बाई कुठं गेली, मले सापडूनच नाही राहिली. म्हणून मी तारखेनं जातो. तारखेनं गेलं का हरवलेलं सापडते, हा माझा अनुभव आहे.”

चोवीस एप्रिलला पहिला स्मृतिदिन होता. बाबा बोलायला उभे राहणार होते आणि ते काय बोलणार, हे घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं.

मालिका संपली त्या रविवारी बाबांनी आखीव कागद काढले. चार रकाने पाडले: तारीख, ठिकाण, हजर, हकीकत. सोळाही भाग त्यांनी पुन्हा पाहिले, माझ्याकडून शंभर वेळा थांबवून घेतले आणि त्या न मरणाऱ्या गुंडांचा पक्का रोजनामा तयार केला. कोणती बाटली कोणी कधी उघडली, कोण किती वेळा ‘मेला’, सगळं. त्यातल्या दोन जागी तर खुद्द मालिकावाल्यांनीच घोळ केला होता, तो बाबांनी पकडला. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याला जपानी येत नाही आणि खालच्या पाट्यांचं इंग्रजीही माझ्याकडून समजून घ्यावं लागतं, त्याने हे केलं होतं.

“आता याप्रमाणं लाव,” ते म्हणाले. “अन् भागीरथालेबी बोलाव. तिलेबी कळू दे, नीट सांगतलेली गोष्ट कशी असते ते.”

भागीरथा मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते आणि भाऊजींना जिथे सापडतील तिथे धरते. तिनेही आमच्यासोबत मालिका पाहिली होती, तीही भाषेचा एक शब्द न कळता, भुईमुगाच्या शेंगा फोडत. तिला ती जाम आवडली होती. “मेलेला माणूस पुढच्या रविवारी हजर! याच्यापेक्षा काय पाह्यजे बाप्पा,” असं तिचं म्हणणं.

मी हातात बाबांचा कागद धरून भाग पुढे-मागे करत बसले. दोन रविवार लागले. सगळं अगदी सरळ रेषेत आलं. कोण कोणाचा शत्रू कधी झाला, मावशीलाही न विचारता कळलं. बाबा मधूनमधून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते.

मग शेवट आला.

त्या मालिकेत धक्क्यावर एक सूप विकणारी बाई आहे. सगळी टोळी तिच्याकडे जेवते. तिलाही ते औषध देऊ करतात, तर ती म्हणते, रोज पहाटे चारला उठते मी, हे कायमचं कोण करणार? आणि बाटली परत करते. टोळीत एवढे गुंड, पण त्या सगळ्या कहाणीत मरते ती एकटी. मूळ मालिकेत तिचं मरण तिसऱ्या भागातच येऊन जातं. तेव्हा ती कोण, हेही आपल्याला नीट माहीत नसतं. पुढचे तेरा भाग ती जिवंत असते, भांडत असते, सूप ढवळत असते. बाबांच्या कागदाप्रमाणे तिचं मरण सर्वात शेवटी आलं. न मरणारी माणसं तिच्या विझलेल्या शेगडीभोवती बसलेली, आणि पडदा काळा.

कूलर घरघरत होता. मावशीने शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

“हे काय केलं भाऊजी तुमी?”

“काय केलं? जसं झालं तसं लावलं.”

“त्या बाईले मारलं तुमी. चांगली जिती होती.”

“अवं, ती मेलीच होती. तिसऱ्या भागात. कागदावर आहे.”

“मेली होती, पन संपली नव्हती!” मावशीचा आवाज चढला. “आमच्या प्रेमिलालेबी तुमी असंच करता. जो येईन त्याच्यासमोर तिले सात फेब्रुवारीपासून चालवत नेता अन् मारून टाकता. वर्षभर झालं, किती खेपा मारान तिले?”

ती चपला घालून निघूनही गेली. मला वाटलं, बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. कागद मांडीवर घेऊन बसून राहिले आणि संध्याकाळी चहाही नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला मेट्रो बदलून घरी पोचले, तर बाबा टीव्हीसमोर बसले होते. हात गुडघ्यांवर, कागद कुठेच नाही.

“प्रीती, त्यांचा जो शेवटचा भाग आहे ना, तो लाव. त्यांनी ठेवला तसा.”

मी लावला. त्या भागात ती सूपवाली पहिल्यांदा बंदरात येते. बोटीतून उतरते, काखेत कोंबडी, डोक्यावर शेगडी. धक्क्यावर पसरलेल्या गुंडांना विचारते, मी कुठे बसू? आणि ज्यांना सगळं शहर भितं ती माणसं निमूटपणे आपापल्या खुर्च्या सरकवून तिला जागा करून देतात. मालिका तिथे संपते.

बाबांनी तो भाग तीनदा पाहिला. मग म्हणाले, “ज्यानं हे लावलं तो अडाणी नाही वं. त्याले माहीत होतं ती मरते. लपवलं नाही त्यानं. पन शेवटी तिले उभी ठेवली.” आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “मी छत्तीस वर्षं लिहिलं, पन हे मले कोनी शिकवलं नाही.”

चोवीस एप्रिलला अंगणात मांडव घातला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, धम्मानंदने आईंच्या फोटोला हार घातला. मग बाबा उभे राहिले. साठ-सत्तर माणसांनी एकदमच आपल्या माना खाली घातल्या. मी बाबांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

“कोर्टात एक दिवस मोठी केस होती,” बाबा म्हणाले. “तीन मर्डरवाला एक मानूस हातकड्या घालून व्हरांड्यात बसवला होता. बाजूले दोन पोलीस. लोक दुरून दुरून चालून राहिले होते. मी त्या दिवशी डबा विसरलो होतो, तं हे प्रेमिला लूनावर डबा घेऊन आली.”

माना हळूहळू वर आल्या.

“सांभारवडी होती डब्यात, कोथिंबीर ठासून भरलेली. तो मानूस म्हने, माय, वास लय चांगला येऊन राहिला. हे थांबली. पोलिसाले विचारते, याचं जेवन झालं काय? पोलीस म्हने, बाई, दूर व्हा, मर्डरवाला आहे. हे म्हने, मर्डर त्यानं केला असंन, उपाशी तुमी ठेवलं आहे. अन् याचे हात तं तुमी बांधले, मंग हा खाईन कसा? खाली बसली, वडी मोडली, अन् आपल्या हातानं त्याले चारली. एक नाही, दोन वड्या. माझ्याच डब्यातल्या.”

कोणीतरी हसलं. भागीरथा मावशी हसली नाही. ती बाबांकडे टक लावून पाहत होती.

“मी दारातून पाहून राहिलो होतो. मले माझी नोकरी जातानी दिसली. तिले कोपऱ्यात नेलं अन् वाटेल ते बोललो. अक्कल आहे काय म्हटलं. हे म्हने, त्यानं का मले खाल्लं? गेटपाशी गेली, लूनाचे पैडल मारले, अन् जाता जाता विचारते, संध्याकाळी भाजी कोनती करू?”

बाबांनी फोटोकडे पाहिलं.

“मी उत्तरच नाही देल्लं. रागात होतो. पाठ फिरवून आत गेलो. त्या मानसाचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही, ते कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. हे रेकॉर्डवर नाही म्हणून सांगतलं.”

बाबा खाली बसायला लागले, इतक्यात मावशी जागेवरूनच बोलली.

“चवळीच्या शेंगा.”

“काय?”

“चवळीच्या शेंगा केल्या होत्या भाऊजी तिनं त्या दिवशी. कोर्टातून सरळ माझ्याकडं आली होती. हासून राहिली होती येड्यासारखी. म्हने, माझा साहेब लय तापला आहे, त्याले शेंगा आवडतात, तुझ्या अंगणातल्या दे. पदरभर तोडून नेल्या.”

बाबा अर्धवट वाकलेले तसेच राहिले. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. काहीतरी दुरून, खूप दुरून त्यांच्याकडे येत असावं, आणि ते त्याला घाई करत नव्हते.

“मीठ जास्त झालतं,” ते म्हणाले. “तरी मी दोनदा घेतल्या.”

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, ते रडू लागले. मी पाण्याचा पेला घेऊन धावले. त्यांनी पेला घेतला नाही. माझं मनगट धरलं.

“दिसून राहिली वं, प्रीती,” ते म्हणाले. “पदर खोचून बसली आहे. पाहून राहिली माझ्याकडं, मी मिठाचं काही म्हनतो का म्हणून.”