सोयऱ्यांची ओळ

समाजाची वेबसाइट म्हणजे हर्षदाच्या गळ्यात पडलेलं फुकटचं लोढणं होतं. आठवडाभर कतारगामच्या ऑफिसात साडीवाल्यांची पानं बनवायची आणि रविवारी गोडादऱ्यात घरी बसून समाजाच्या घराघराची. कारण काय, तर वडील रामदास बापू सुरतेतल्या खान्देशी मंडळाचे चिटणीस. पासवर्ड दोघांकडेच, एक बापूंकडे आणि एक तिच्याकडे.

त्या रविवारी साइट नव्या सर्व्हरवर हलवायची होती. काही राहून जायला नको म्हणून तिने दिवाळीतली जुनी प्रत आणि आत्ताची चालू प्रत, दोन्ही तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. पुसलेलं लाल दिसतं, वाढवलेलं हिरवं. बहुतेक बदल तिचेच होते, कोणाचा फोन नंबर, कोणाचं नवं घर. एका पानाला मात्र हात लावल्याचं काही केल्या आठवेना. ते पान पारोळ्याच्या देवऱ्यांचं होतं.

देवरे म्हणजे तिचं होणारं सासर. मुलगा कुंदन इच्छापोरला कारखान्यात सुपरवायझर. स्थळ बापूंनीच आणलेलं, साखरपुडा झालेला, पुढच्या महिन्यात लग्न. पानावर एकच ओळ लाल होती, सोयऱ्यांची.

आता ही सोयऱ्यांची ओळ म्हणजे आपल्या लोकांचा जीव की प्राण. पोरगी कुठे दिली, सून कुठून आणली, सगळी गावं त्यात मिरवायची. शिक्षण लिहायला विसरतील, पण सोयरे नाही. बोलणं बंद झालेला सोयराही त्या ओळीत मुकाट बसून असतो, त्याला कोणी उठवत नाही. आणि इथे डावीकडे ‘एरंडोलचे महाले’ होते, उजवीकडे गायब. कुंदन एकुलता एक, ना भाऊ ना बहीण. त्याच्या आईचं माहेर चोपड्याचं, ते होतं तसंच होतं. मग महाल्यांची पोरगी या घरात आली होती कोणासाठी?

महाल्यांचं पान साइटवर होतंच, नंबरही होता. तिने फोन लावला. पलीकडे अमृता नावाची मुलगी होती, तिच्याच वयाची. हर्षदाने आडपडदा न ठेवता विचारलं, तुमचं आणि कुंदनचं नातं काय. अमृता म्हणाली, "मी त्यानी बायको शे. फारकत कोठे व्हयनी? कोरटमा केस चालू शे."

हर्षदाने फोन ठेवला आणि आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. साखरपुड्यात त्याच हाताने कुंदनला पेढा भरवला होता. शी! पेढा खाताना काय गोड हसला होता मेला. पण खरी किळस पुढेच होती. पासवर्ड दोघांचाच. तिने पान बदललं नव्हतं, म्हणजे बदलणारा घरातलाच होता आणि या घडीला ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

तिने बापूंना आत बोलावलं आणि लाल ओळ दाखवली. आई, कुसुमबाई, कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. बापूंनी आधी कानावर हात ठेवले, मग सर्व्हरवर ढकललं, मग आवाज उतरवला. देवरे म्हणाले होते, मिटल्यात जमा आहे, उगाच लोक वाचून चघळतील. म्हणून एवढं एक नाव काढलं.

"बेटा, तुना भलासाठेच करं मी," ते म्हणाले. "मानूसनं एक लगीन मोडनं, म्हनीसन काय आभाय कोसयनं का?"

लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून तिने तापीवरचा पूल पाहिला होता. आज त्याच्या तोंडाचा सुपारीचा वासही तिला सोसवेना. मोडलेलं नाही बापू, केस चालू आहे, ती बाई अजून त्याची बायको आहे, असं तिने सांगितलं तेव्हा बापूंनी आईकडे पाहिलं. आईने मान फिरवली.

पत्रिका वाटून झाल्यात, असं काहीतरी बापू पुटपुटले. तिने देवऱ्यांच्या पानावर जुनी ओळ परत चढवली. महाले होते तिथे येऊन बसले. मग यादीतली पुढची फाइल आपसूक उघडली. ती त्यांच्याच घराची होती. उजवीकडे एक ओळ हिरवीगार झळकत होती. बापूंना लग्नापर्यंतही दम निघाला नव्हता. स्वतःच्या सोयऱ्यांत त्यांनी ‘पारोळ्याचे देवरे’ लिहूनही टाकलं होतं, सगळ्यांच्या आधी, पहिल्या नंबरावर.

हर्षदाला हसू आलं, तेही कडू. उद्या देवऱ्यांच्या पानावरून आपलंही नाव असंच पुसायला त्यांनी आणखी कोणाच्या तरी बापाला गाठलं असतं.

ती खुर्चीवरून उठली. खुर्ची बापूंकडे वळवली.

"बापू, पुसता तर तुम्हले येसच," ती म्हणाली. "आते हाई ओयबी पुसा."

बापू खुर्चीत बसले, पण त्यांचा हात काही माउसकडे जाईना. दारातून कुसुमबाई कणकेच्या हातांनी पुढे आली आणि नवऱ्याच्या मागे उभी राहिली. ती ओळ पुसली जाईपर्यंत तिथून हलली नाही.