मोजा घातलेली कडी

हळू ठोठावा, आत बाळ निजलंय. मी या दारावरची, ठोठावायची पितळी कडी बोलतेय, आणि सवयीने आधी हेच सांगते.

इंग्लंडातल्या विदरसी गावच्या किनाऱ्यावरची ही घरांची रांग गवंडी जेबेझ आणि गिलावा करणारा त्याचा भाऊ ओबेद यांनी उभी केली. एक घर विकायचं, त्या पैशांत रांगेतलं पुढचं बांधायला घ्यायचं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत जेबेझची बायको केझाया त्यात राहायची आणि शेकोटी पेटवून ओल्या भिंती सुकवायची. घर विकलं की बिऱ्हाड शेजारच्या ओल्या घरात. निघताना जेबेझ माझे स्क्रू काढून मला खिशात टाकायचा. दारं लोकांची, कडी तेवढी घरची.

मग या घरात एनॉक जन्मला. घरात तान्हं बाळ आलं की करायच्या तिथल्या रीतीप्रमाणे केझायाने माझ्या तोंडावर पांढरा हातमोजा बांधला, आवाज होऊ नये म्हणून. चार दिवसांचं कौतुक असेल, असं मला वाटलं. पण पोराला खोकला धरला आणि मोजा काही सुटेना. त्याचा श्वास मोठा झाला की तिला धास्ती, ऐकू आला नाही की जास्तच.

"वहिनी, तुमच्यासारख्या भिंती कुणी सुकवत नाही," ओबेद म्हणाला.

"ती ओल माझ्या पोराच्या छातीत उतरते, भाऊजी. तिथं कसला गिलावा लावाल?"

जेबेझ शेकोटीत लाकडं सारत राहिला. तो बोलायचाच कमी.

उन्हाळ्यात घर सुकलं, खोकलाही उतरला. तेवढ्यात ओबेद लीड्सच्या एका बाईंना घेऊन आला. त्यांना घर पसंत पडलं. केझाया मुकाट्याने भांडी बांधू लागली.

"कडी काढून घे," ती नवऱ्याला म्हणाली.

"निघायची नाही."

"का, स्क्रू गंजले?"

त्याने दाराचा पडदा सरकवला. लांब खिळे आरपार ठोकून आतून वळवलेले होते. "एनॉक झाला त्याच दिवशी केलं."

मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडावर मोजा होता.

"अरे, मग बाईंना काय देऊ?" ओबेद वैतागला.

"शेजारचं उभं झालंय, ते दे. सुकेपर्यंत तू राहा त्यात. तुझी छाती दांडगी आहे."

केझाया भांडी सोडू लागली. एकेक भांडं पुसत होती आणि डोळेही.

कैक वर्षं लोटली, आता इथे दुसरीच आई राहते. माझ्या जागी विजेची घंटा बसवायला आलेल्या माणसाने मला ओढून पाहिलं. "बाई, ही काढली तर दार फुटेल," म्हणाला. "राहू दे मग," ती म्हणाली, आणि काल तिने बाळाचा लोकरी पायमोजा मला चढवला. जरा घट्ट होतो, पण मी तक्रार करत नाही.

म्हणून सांगते, मला उचलू नका. बोटाने दारावर नुसती टिचकी मारा. ऐकू जाईल. ती जागीच आहे.