चौदा नवे कस्तूर

माझा स्वभाव संशयी आहे, आणि तीस वर्षं मी त्याच स्वभावाचा पगार खाते आहे. आमच्या पक्षी-अभ्यास केंद्रात रानातल्या कस्तूर पक्ष्यांची ओळख त्यांच्या छातीवरच्या ठिपक्यांवरून ठेवतात. दोन कस्तुरांचे ठिपके कधी सारखे नसतात. म्हणून प्रत्येकाचं एक कार्ड: छातीचं चित्र आणि खाली आम्ही ठेवलेलं नाव.

गुडघा मोडून मी घरी बसले, तेव्हा माझ्या शब्दावर बहिणीच्या मुलीला माझ्या जागी घेतलं. तीन आठवड्यांत तिनं चौदा कार्डं आणली. एकही जुन्याशी जुळेना. एवढ्याशा झाडीत एकदम चौदा नवे पक्षी? मग जुने काय संपावर गेले? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"घरी बसून रेघोट्या ओढतेस ना?" काल मी तिला तोंडावर विचारलं.

"मावशी, दिसलं तेच काढलं गं. आरशात नीट—"

"आता आरशावर खापर फोडू नकोस!"

ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे खोटी, असं मी धरलं आणि केंद्राच्या सरांना कळवून मोकळी झाले. भाची म्हणून पांघरूण घातलं, असं कुणी म्हणायला नको.

आज दुपारी खाडाखोड सापडते का बघायला एक कार्ड खिडकीच्या काचेला लावलं. लागलं उलट्या बाजूनं. उजेडात आरपार बघते तर आमची जुनी टिकली! डावीकडे गळ्याखाली तीन ठिपके, मग तुटकी रांग. दुसरं उलटं धरलं, ती झिपरी. चौदाही जुनेच निघाले.

माणसाचं तोंड दिसलं की कस्तूर बुजतो, म्हणून आम्ही आडोशाला पाठमोरे बसतो आणि आरशात बघून चित्र काढतो. आरसा मीच लावलेला. काढताना डावं-उजवं मी आपोआप बदलते. ते तिला सांगायचंच राहिलं होतं.

सरांना फोन लावला. "चूक माझी आहे. पोरगी खरी आहे."

सर म्हणाले, "ती सकाळीच काम सोडून गेली. मी म्हटलं, तुझी बाजू तरी सांग. तर म्हणाली, मावशी म्हणते म्हणजे माझ्याच डोळ्यांत खोट असेल."