डोक्यावरची सायकल

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत अड्याळला पहिल्यांदाच पोरींची सायकल शर्यत झाली. मंडई म्हणजे धान कापायच्या दिवसांत भरणारी गावाची जत्रा. लेकीबाळी माहेरी यायच्या, पाहुण्यांनी घरं भरून जायची, दिवसभर दुकानं आणि सांज झाली की दंडारीचा, म्हणजे सोंगं काढून नाचण्या-गाण्याचा, खेळ. पोरांची शर्यत दरवर्षी व्हायचीच. शाळेतल्या मारोतराव सरांनी त्या साली पोरींचीही घ्यायची ठरवलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बोलायला एक विषय मिळाला.

ही शर्यत सडकेवरची नव्हती. शाळेपासून निघायचं, तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चढायचं, पलीकडच्या उतारावरून नाल्यात उतरायचं, गुडघाभर पाण्यातून सायकल ओढायची, मग तुलारामच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून गाडरस्ता गाठायचा आणि मंडईच्या मैदानात परत. बांध्या म्हणजे धानाचे चौकोन, आणि त्यांच्या मधले धुरे जेमतेम एक पाऊल मावेल एवढे. तिथे सायकल चालत नाही, बाजूला धरून ढकलताही येत नाही. उचलूनच न्यावी लागते.

पाच पोरींनी नावं दिली. त्यातली एक चंद्रकांता, भय्याजी दुकानदाराची मुलगी, दहावीत शिकणारी. तिच्या वडिलांनी दसऱ्याला नागपुरातून तिच्यासाठी नवी लेडीज सायकल आणली होती. हिरवा रंग, चाकावर जाळी, बारीक टायर. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला भय्याजी सांगायचे, "पहिला नंबर आमच्या चंद्रीचाच. मग तिले भंडाऱ्याले न्याचं हाय, जिल्ह्याच्या शर्यतीले." ऐकून ऐकून चंद्रकांतालाही तो नंबर आपल्या नावावर लागल्यासारखा वाटू लागला.

मग सरावाला पाचवी रुखमा आली. रुखमा सेवकरामची मुलगी, त्याच वर्गातली, शेवटच्या बाकावर बसणारी. सेवकराम ज्या सायकलवरून गावात दूध घालायचा तीच ती घेऊन आली होती. काळी, जाड टायरची, मागे कॅनच्या कड्या लटकलेल्या. ती चालली की कड्या वाजायच्या.

"दूध आलं वं, भांडं काढा," चंद्रकांता म्हणाली आणि बाकीच्या पोरी हसल्या. रुखमाही हसली. चंद्रकांताला ते आवडलं नाही. जिला चिडवायचं तिनं चिडायला पाहिजे.

पहिल्याच सरावात एक गोष्ट उघडी पडली. पोरांच्या सायकलला मधे दांडा असतो, तो खांद्यावर बसतो. लेडीज सायकलचा दांडा खाली वाकलेला. चंद्रकांतानं सायकल कशीही उचलली तरी ती खांद्यावरून घसरायची, पायडल पोटरीला टोचायचं. दूधवाल्याच्या त्या काळ्या लोखंडाचा हेवा वाटावा, अशी वेळ आपल्यावर येईल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण खरं जळायचं कारण पुढेच होतं. दुसऱ्या दिवशी रुखमानं जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ करून आणली. धुऱ्याशी येताच ती डोक्यावर ठेवली, सायकल उचलली, दांडा चुंबळीवर टेकवला आणि निघाली. पुढचं चाक समोर, मागचं मागे, दोन्ही हात मोकळे. लहानपणापासून आईबरोबर धानाचे भारे वाहिलेली पोर ती. बाकीच्या पोरी अर्ध्या धुऱ्यावर डुगडुगत होत्या, तोवर ती पलीकडे उतरून कमरेवर हात ठेवून उभी होती.

मारोतराव सर टाळ्या वाजवत राहिले. "वा वं रुखमा. हे कोनी शिकवलं तुले?"

"कोनी नाई जी. भारा नेतो तशी नेली."

त्या दिवशी चंद्रकांता घरी गेली आणि मागच्या अंगणात आईचं पातळ गुंडाळून चुंबळ केली. सायकल डोक्यावर घेऊन दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला सायकल तुळशीवर आणि ती सायकलवर.

तिची आई रत्नाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय करून राहिली वं? सायकल चालवाची असते का डोक्यावर घ्याची?"

"थे रुखमा घेते."

"थे घेईन, माय. तिच्या माईसंगं मी पाह्यतो ना तिले, केवढाले भारे आनते. मोठी हिमतीची पोर हाय."

आपली आईही. चंद्रकांतानं तोंड फिरवलं. त्या रात्रीच्या जेवणात तिला मीठच लागलं नाही. पुढचे आठ दिवस तिला सगळीकडे रुखमाच दिसत होती. वर्गात सर कुणाकडे पाहून हसले तर ते रुखमाकडेच. पोरी कानात काही बोलल्या तर ते रुखमाचंच कौतुक. रुखमाची वेणी, तिचे भेगाळलेले पाय, कशाचाही हेवा करावा असं त्यात काही नव्हतं, आणि तरीही चंद्रकांता त्या पायांकडे पाहत राहायची. हे पाय धुऱ्यावरून घसरत कसे नाहीत?

मंडईच्या दिवशी शर्यतीआधी सरांनी पोरींना तुलारामच्या बांध्यांजवळ नेलं. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापून झालं होतं आणि बांधीत कडपा पसरलेला होता. कडपा म्हणजे कापलेल्या धानाच्या मुठी, दोन-चार दिवस उन्हात वाळायला ठेवलेल्या. सर म्हणाले, "धुऱ्यावरून जायचं. कडप्यावर पाय पडला का बाद. दुसऱ्याचं धान हाय थे, लक्ष्मी हाय." शेताच्या कोपऱ्यावर लक्ष ठेवायला म्हाताऱ्या गोमाजीला बसवलं होतं.

शिट्टी वाजली. सपाटीवर चंद्रकांताची नवी सायकल वाऱ्यासारखी निघाली. पारीवर ती सर्वांत पुढे होती, मैदानातून भय्याजींचा आवाज ऐकू येत होता. नाल्यात बाकीच्या तिघी अडकल्या. एकीची चप्पल वाहून गेली, ती आणायला दुसरी गेली, तिसरी हसत काठावर बसली. शर्यत दोघींची उरली.

धुऱ्यावर आल्यावर व्हायचं तेच झालं. मागून कड्यांचा आवाज आला, थांबला. रुखमानं सायकल डोक्यावर घेतली होती. "सरक वं चंद्रे जराशी," ती म्हणाली, आणि धुऱ्याच्या रुंद वळणावर तिच्या बाजूनं पुढे निघून गेली. ताठ मान, सरळ नजर, जणू पाणी भरून घरी चालली आहे.

चंद्रकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाठीकडे पाहत ती घाईनं निघाली. खांद्यावरची सायकल घसरली, तिच्या मागे चंद्रकांताही घसरली आणि सायकलीसकट कडप्यात पडली. चाक दोन मुठींवरून फिरलं, पाय तिसरीवर पडला. तिनं वर पाहिलं. रुखमा पाठमोरी. गोमाजी बिडी पेटवायला वारा अडवत मंडईकडे तोंड करून बसला होता. ती उठली, धुऱ्यावर चढली आणि चालू लागली.

मैदानात रुखमा पहिली आली, चंद्रकांता दुसरी. लोकांनी रुखमाला गराडा घातला होता. पाणी भरायचा पितळेचा नवा गुंड बक्षीस म्हणून टेबलावर ठेवलेला होता, तो सरांनी हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात तुलाराम आला. त्याच्या हातात धानाची चुरडलेली मूठ होती.

"गुरुजी, लोंब्या झडल्या पाहा. कोनाचा पाय पडला?"

गोमाजी म्हणाला, "मले तं कोनी दिसलं नाई बापा."

सगळ्यांच्या नजरा दोघींवर आल्या. चंद्रकांतानं मनात हिशेब केला. खरं सांगितलं तर दुसरा नंबरही गेला, आणि वडील समोरच उभे. पण नुसती भीतीच नव्हती ती. गुंडावर रुखमाचे हात ठेवलेले तिला दिसत होते, आणि ते तिला पाहवत नव्हते.

"रुखमा समोर होती," ती म्हणाली. "मीनं मांगून पाहिलं. तिचाच पाय पडला."

तुलारामनं मूठ पुढे केली. "धान हातात घेऊन सांगा, पोरीहो. मंग कोनी काई बोलनार नाई."

चंद्रकांतानं धान हातात घेतलं. "धानाची शपथ. मी नाई पडली कडप्यात." त्यांच्या दुकानात धान पोत्यांनी यायचं आणि पोत्यांनी जायचं. तिला ते धान म्हणजे माल वाटत होतं.

मूठ रुखमापुढे आली. तिनं हात पुढे केला नाही.

"डोक्शावर सायकल होती जी काकाजी," ती हळू आवाजात म्हणाली. "ओझं असलं का मान खाली होत नाई. माहे पाय कोठी पडले, मले दिसले नाई. न पाहिल्याची शपथ कशी घेऊ?"

"पडला नाई म्हन ना वं, येडे," गर्दीतून तिची मावशी कुंताबाई कुजबुजली.

"पडला असन तं?" रुखमा म्हणाली. तिनं खाली वाकून गळालेल्या दोन लोंब्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि तुलारामच्या मुठीत ठेवल्या. "माफी करजा."

सरांनी चंद्रकांताकडे नीट पाहिलं. मग गुंड तिच्या हातात दिला.

जिंकल्यावर जळणं थांबेल असं तिला वाटलं होतं. सांजेला दंडारीत सोंगाड्या डोक्यावर मोडकी सायकल घेऊन नाचत आला. "दूध घ्या वं, दूध!" माणसं हसून लोटपोट झाली आणि मग रुखमाच्या नावानं टाळ्या पडल्या. गुंडवालीचं सोंग कुणी काढलं नाही. बायकांत बसलेल्या रुखमानं लाजून पदर दातात धरला होता. चंद्रकांता आईच्या आड सरकली.

चार दिवसांनी रुखमा दुकानात गूळ घ्यायला आली. भय्याजी आत गेले होते. चंद्रकांतानं गूळ कागदात बांधून दिला.

"चंद्रे," रुखमा म्हणाली, "तुलाराम काकाजीचा कडपा सावराले गेली होती मी दुसऱ्या दिवशी. चाकाचा ठसा होता मातीत. बारीक."

चंद्रकांताच्या हातातला दोरा तसाच राहिला. "मंग सांगितलं काहून नाई?"

"तू शपथ घेऊन बसली होती ना. धानाची खोटी शपथ म्हनल्यावर लोकं काय म्हनतीन तुले? मीनं ठसा पायानं पुसून टाकला." तिनं गूळ ओटीत टाकला. "जाऊ दे. भंडाऱ्याले नीट जाजो. नाला मोठा असन तेथी."

कड्यांचा आवाज बाजाराकडे गेला. हिला हेही जमतं, एवढंच चंद्रकांताच्या मनात आलं, आणि तिला आपला स्वतःचाच राग आला.

भंडाऱ्याच्या शर्यतीत चंद्रकांता नववी आली. नऊच पोरी होत्या.

मारोतराव सरांनी पुढची पाच वर्षं पोरींची शर्यत घेतली आणि मग त्यांची बदली झाली. त्या प्रत्येक वर्षी धुऱ्यावर येणारी पोर चुंबळ घेऊनच यायची. गोमाजी ब्याऐंशीत गेला. शेवटपर्यंत तो सांगायचा की त्यानं बिडी पेटवली नसती तर निकाल वेगळा लागला असता, आणि हे तो हसत सांगायचा. तुलारामच्या बांध्या मुलांनी वाटून घेतल्या, मधला धुरा मोडला. भय्याजींनी शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना पहिल्या नंबराची गोष्ट सांगितली. तो गुंड रत्नाबाईनं रोजच्या पाण्याला लावला. चंद्रकांता माहेरी आली की माठातलं पाणी प्यायची, आणि रत्नाबाईला वाटायचं पोरीला थंड पाणी आवडतं.

रुखमाचं लग्न वरठीला झालं. नवरा कारखान्यात लागला आणि ती बापाचीच सायकल घेऊन तिथे दूध घालू लागली. चंद्रकांता तुमसरला, राईस मिलवाल्यांच्या घरी पडली. ब्याण्णव साली एकदा वरठीच्या स्टेशनात गाडी उभी असताना तिला खिडकीतून रुखमा दिसली. फाटक बंद होतं, सायकलींची रांग लागली होती. रुखमानं दोन कॅन उतरवून बाजूला उभ्या लेकीच्या हातात दिले, डोक्यावर पदराची चुंबळ ठेवली, सायकल वर घेतली आणि फाटकाच्या कडेच्या अरुंद वाटेनं पार निघून गेली. मागून तिची मुलगी कॅन सांभाळत चालली होती.

हाक मारावी म्हणून चंद्रकांतानं खिडकीच्या गजाला तोंड लावलं. मग तिची नजर त्या पायांवर गेली. भेगाळलेले, खाली न पाहता बरोबर पडणारे. गाडी सुटेपर्यंत ती ते पाय पाहत राहिली. हाक राहून गेली.